तारेची सहनशक्ती

(आमचे नेहमीचे सदर : घरोघरचे विज्ञान)

"दिवाळी अंकासाठी काहीतरी चकलीसारखे खुसखुशीत द्या," असा संपादकांचा निरोप दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी त्यांच्याकडे ओहम आणि व्होल्ट धाडून देतो. पण वाचकहो, चकली खुसखुशीत होण्याचे रहस्य तरी कशात असते? तेल किती तापले ह्यातच ना? कमी तापले तर चकली तेल पिते. फार तापले तर वरून करपते आणि आत कच्ची राहते. उष्णता नेमकी हवी, एवढेच. आजचा विषयही तोच आहे. फक्त कढईच्या जागी तार आहे.

आरंभ माझ्याच फजितीने करतो. आता एलईडीची तोरणे आली. परंतु माझ्या तरुणपणी छोट्या दिव्यांच्या माळा असत. एकेक दिवा 6 व्होल्टचा आणि असे 38 दिवे एकामागून एक जोडलेले. साडतीस-अडतीस सक म्हणजे 230 च्या आसपास, हा त्यातला हिशेब. माळेतला एक दिवा गेला की सारी माळ अंधारात. मग मी काय करावे? मेलेला दिवा कापून टाकावा आणि दोन्ही टोके पिळून जोडून द्यावीत. असे करता करता काही वर्षांत 38 चे 32 दिवे झाले. दरसाल माळ अधिकच झळके आणि शेजारी म्हणत, "तुमच्या तोरणाला काय तेज आहे हो!" ते तेज कसले होते, हे मला ऐन लक्ष्मीपूजनाच्या रात्री कळले. प्रत्येक दिव्याच्या वाट्याला आता 6 ऐवजी 7.2 व्होल्ट येत होते. एक गेला, तो जोडला. लगेच दुसरा गेला. आणि रात्री नऊ वाजता आमच्या दारात पणतीच काय ती उरली.

ही गोष्ट मनात राहण्याचे कारण गेल्या वर्षीची भाऊबीज.

माझी धाकटी बहीण वसईला राहते. ओवाळणे झाले, जेवणे झाली, पानसुपारी झाली. इतक्यात तिचा मुलगा, वय वर्षे एकोणीस, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "मामा, दीड ओहमची कॉईल असली तर तिला किती व्होल्ट द्यावेत?"

तीस वर्षे विजेच्या कामात घालवलेल्या माणसाला भाच्याने असा प्रश्न विचारावा, ह्यापेक्षा मोठी ओवाळणी कोणती? मी खुलून गेलो. वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने गणित मांडून दिले. दाबाला त्याच दाबाने गुणायचे आणि येईल त्या आकड्याला रोधाने भागायचे, उत्तर वॅटमध्ये. दाब म्हणजे व्होल्ट, रोध म्हणजे ओहम. 3.7 व्होल्ट दिले तर दीड ओहमच्या तारेत सुमारे 9 वॅट उष्णता होईल, 4.2 दिले तर सुमारे 12. दाब थोडासाच वाढला. उष्णता मात्र पाऊणपट कमी-जास्त नव्हे, चांगली तीस टक्क्यांनी वाढली. कारण दाब गणितात दोनदा येतो. दाब दुप्पट केला तर उष्णता चौपट होते, हे ज्याच्या डोक्यात पक्के बसले त्याची वीज अर्धी शिकून झाली.

ओघात ओहमसाहेबांची कथाही सांगितली. हा गेऑर्ग ओहम जर्मनीत कोलोनच्या शाळेत गणित शिकवीत असे. आपला नियम त्याने 1827 साली पुस्तकरूपाने छापला, तेव्हा स्वदेशात त्याची फारशी कदर झाली नाही. पुढे 1841 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले, तेव्हा लोक जागे झाले.

भाच्याने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि अर्ध्या ओहमची असली तर?"

इथे माझी पेन्सिल थांबली. घरात अर्ध्या ओहमची तापणारी वस्तू असते कुठे? हजार वॅटच्या इस्त्रीचा रोध सुमारे 53 ओहम असतो. अर्ध्या ओहमची तार आपल्या 230 व्होल्टवर लावली, तर हिशेबाने एक लाख वॅटच्या वर भार येईल आणि इमारतीचा फ्यूज आधी उडेल. म्हणजे ही तार भिंतीतल्या विजेवर चालणारी नव्हे. लहानशा सेलवर चालणारी. सेलवर तापणारी एवढीशी तार हल्ली कशात असते, हे न कळण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही. मी त्याच्याकडे पाहिले. त्याने समोरच्या फराळाच्या ताटाकडे पाहिले. बहीण स्वयंपाकघरात होती.

मी काही बोललो नाही. सणाच्या दिवशी, आईच्या देखत, पोराची झडती घेऊन काय साधणार? एवढेच म्हणालो, "लाभपंचमीनंतर मला वालीवला एका मेस्त्रींकडे जायचे आहे. तूही चल. कॉईल म्हणजे काय ते प्रत्यक्ष पाहा."

ज्यांनी वालीव पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वसई रोड स्टेशनवर पूर्वेच्या बाजूला उतरावे आणि वालीव नाक्याची रिक्षा धरावी. समोर तुंगारेश्वराचा डोंगर दिसत असतो आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाळेच गाळे. कुठे प्लास्टिकचे डबे निघताहेत, कुठे रबर, कुठे पत्रा, कुठे पुठ्ठ्याची खोकी. मुंबईच्या घराघरांत वापरल्या जाणाऱ्या किती वस्तू अशा गाळ्यांतून निघतात, ह्याची आपल्याला कल्पना नसते. आमचे मेस्त्री अशाच एका गाळ्यात बसून तापक बनवतात. प्लास्टिक वितळविणाऱ्या यंत्राच्या नळीला कंबरपट्ट्यासारखा एक तापक बसतो, त्याला बँड हीटर म्हणतात. अभ्रकाच्या पातळ पत्र्यावर नायक्रोमची चपटी पट्टी गुंडाळायची, वर-खाली पुन्हा अभ्रक ठेवायचा आणि त्यावर धातूचे वेष्टण चढवायचे. काम बघण्यासारखे असते. पण मेस्त्रींचा खरा जीव त्या गुंडाळण्यात नाही. तो शेजारच्या मीटरमध्ये आहे.

प्रत्येक तापक बंद करण्याआधी ते मीटरच्या दोन सुया त्याच्या टोकांना लावतात. "हा पाचशे वॅटचा आहे, साहेब. मीटर शंभराच्या वर पाच-सहा ओहम दाखवायला पाहिजे. नव्वद दाखवला तर परत उकलायचा."

"नव्वद असला म्हणून काय बिघडले?" भाच्याने विचारले. "जास्तच तापेल की!"

मेस्त्री हसले. "तापेल ना, बाळा. पाचशेच्या जागी पावणेसहाशेच्या वर जाईल. चार दिवस गिऱ्हाईक खूश. पाचव्या दिवशी तापक जळून माझ्या दारात."

मला माझे तोरण आठवले.

मग त्यांनी नायक्रोमची एक तार हातात दिली. निकेल आणि क्रोमियम ह्यांचा हा मिश्रधातू अमेरिकेत आल्बर्ट मार्श ह्याने विसाव्या शतकाच्या आरंभी शोधून काढला आणि विजेची इस्त्री, शेगडी, टोस्टर ह्यांचा संसार तेव्हापासून खऱ्या अर्थाने सुरू झाला. त्याआधीच्या तारा एक तर तापत नसत, किंवा तापल्या की हवेने झिजून तुटत. ह्या तारेचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेच्या साठपटीहून अधिक. शिवाय ती लाल झाली की तिच्या अंगावर क्रोमियमच्या गंजाचे एक पातळ कवच धरते. लोखंडाचा गंज पापुद्रे होऊन गळतो. हा गंज कातडीसारखा चिकटून राहतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. चांगली नायक्रोम तार सुमारे 1200 अंशांपर्यंत टिकते. त्यापलीकडे तिचीही सहनशक्ती संपते.

"पण एक ध्यानात ठेवा," मेस्त्री म्हणाले, "तार विजेने मरत नाही. उष्णता अडकली की मरते. पट्टा नळीला घट्ट बसला तर उष्णता नळी घेऊन जाते. सैल राहिला तर तिथेच कोंडते आणि नेमकी तिथेच तार तुटते. व्होल्ट बरोबर, ओहम बरोबर, तरीसुद्धा तुटते."

हे वाक्य, वाचकहो, मी माझ्या वहीत लिहून घेतले. पुढे ते उपयोगी पडणार होते.

इथे थोडे थांबून आपल्या घरांकडे वळतो, कारण ह्याच दोन चुका आपण घरोघर करीत असतो.

पहिली चूक शेगडीची. उघड्या कॉईलची विजेची शेगडी अजून पुष्कळांच्या घरी असते. तिची कॉईल तुटली की आपण पक्कड घेऊन दोन्ही टोके ओढतो, एकमेकांत अडकवतो आणि "झाली दुरुस्त!" म्हणून हात झटकतो. समजा, ह्या भानगडीत कॉईलचा पाचवा भाग कमी झाला. रोध 53 वरून 42 वर आला आणि हजार वॅटची शेगडी साडेबाराशेची झाली. चहा लवकर उकळतो म्हणून गृहिणी खूश! पण साडेबाराशे वॅट आता पूर्वीच्या चार-पंचमांश तारेतून निघायचे आहेत. म्हणजे उरलेल्या प्रत्येक इंचावर दीडपटीहून अधिक भार. शिवाय जोडाच्या जागी दोन टोके नुसती टेकलेली, तिथे ठिणगी वेगळीच. अशी कॉईल पुन्हा तुटली तर नवल नाही. न तुटली आणि भिंतीतली जुनी वायर आधी वितळली तर मात्र प्रसंग ओढवतो.

दुसरी चूक परदेशी पाहुण्यांची. मुलगी किंवा सून अमेरिकेहून येताना प्रेमाने केस सरळ करण्याचे यंत्र नाहीतर इस्त्री आणते. तिकडे घरातला दाब 120 व्होल्ट, आपल्याकडे 230. तिकडच्या हजार वॅटच्या इस्त्रीचा रोध साडेचौदा ओहमच्या आतच असतो. पिनेला जोड लावून ती आपल्याकडे खुपसली की इस्त्री साडेतीन हजार वॅटच्या वर जाते आणि सोळा अँपिअर ओढू लागते. पिनेचा जोड फक्त भोकांचा आकार जुळवतो. दाब जुळवीत नाही. त्यासाठी ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तोही त्या वॅटचा भार पेलणारा. वस्तूच्या पाठीवर "100 ते 240 व्होल्ट" असे छापलेले असेल तर प्रश्नच नाही. नसेल, तर ती वस्तू कपाटात ठेवून सुनेचे कौतुक तेवढे करावे.

असो. पुन्हा वालीवच्या गाळ्यात येऊ.

मेस्त्रींनी चहा मागवला. चहा पिता पिता भाच्याने खिशातून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. जाड पेनाएवढी, खाली गोल फिरकी, त्यावर आकडे. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मेस्त्री, ह्याची कॉईल जळते. जळका वास येतो. दोन बदलल्या."

वाचकांपैकी ज्येष्ठांना माहीत नसेल म्हणून सांगतो. ही विजेची सिगारेट. चीनमधील होन लिक नावाच्या औषधशास्त्रज्ञाने 2003 च्या सुमारास तिला आजचे रूप दिले. आत एक लिथियमचा सेल, एक इवलीशी कॉईल, कॉईलमध्ये कापसाची वात आणि वातीला एका गोडसर द्रवाचा पुरवठा. द्रवात ग्लिसरीनसारखे पदार्थ, सुवास आणि बहुधा निकोटीन. तार तापली की द्रवाची वाफ होते आणि ती ओढायची. फिरकी फिरवून दाब कमी-जास्त करता येतो, सुमारे 3 पासून 5 व्होल्टपर्यंत.

मेस्त्रींनी चष्मा चढवून कॉईल मीटरला लावली. "दीड ओहम," ते म्हणाले, "आणि फिरकी कितीवर होती?"

"पाचवर."

मी पेन्सिल काढली. पाच पंचे पंचवीस, भागिले दीड. साडेसोळा वॅटच्या वर. खोक्यावर त्या कॉईलसाठी अकरापर्यंतचा आकडा छापलेला होता! 4 व्होल्टला पावणेअकरा झाले असते. अर्ध्या ओहमची कॉईल बसवली तर 4.2 व्होल्टलाच 35 वॅट आणि सेलमधून आठ अँपिअरच्या वर प्रवाह. सेल तेवढा देणारा नसेल तर तो तापतो, फुगतो आणि कधी पेटतोही. म्हणजे गणित दोनदा करायचे : एकदा तारेसाठी, एकदा सेलसाठी. भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर हे एवढेच होते आणि ते त्याला मिळाले.

पण मेस्त्री कॉईल उजेडात धरून बघत राहिले. वात काळी पडली होती. "तार चांगली आहे," ते म्हणाले. "वात सुकली. वात सुकली की उष्णता न्यायला कोणी नाही. मघाशी सांगितले ना, अडकली की जळते. आता काय जळले? तार नाही. कापूस आणि ते औषध जळले." मग कॉईल खाली ठेवून अगदी साधेपणाने विचारले, "आणि ते गेले कुठे, बाळा?"

गाळ्यात क्षणभर शेजारच्या यंत्राचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

त्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांनी शोधले आहे. अमेरिकेतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी अशाच उपकरणाची वाफ तपासली आणि जानेवारी 2015 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन ह्या नियतकालिकात निष्कर्ष दिला. 3.3 व्होल्टला त्यांना फॉर्माल्डिहाइडची संयुगे आढळली नाहीत. 5 व्होल्टला आढळली. फॉर्माल्डिहाइड म्हणजे ज्याच्या द्रावणात प्रयोगशाळेत मेलेले प्राणी टिकवून ठेवतात ते, आणि ते कर्करोगाला कारण होते. इतर संशोधकांनी आक्षेप घेतला की, एवढ्या दाबाला इतकी जळकी चव येते की कोणी ओढणारच नाही. आक्षेप वाजवी आहे. पण माझ्या समोर बसलेल्या मुलाने दोन कॉईली जळेपर्यंत ती चव घेतली होती.

मग मी भाच्याला एवढेच म्हणालो : "तारेवर आकडा छापला आहे, किती सोसेल तो. सेलवर छापला आहे. मेस्त्री प्रत्येक तापकावर लिहितात. ह्या जोडणीत तिसरी वस्तू आहे ती तुझी छाती, आणि तिच्यावर आकडा छापलेला नाही. फिरकी चारवर ठेवलीस तर कॉईल वाचेल. निकोटीन त्याने सुटत नाही; उलट जळका वास जातो, म्हणजे सावध करणारी घंटाही जाते."

कायद्याचेही सांगितले. आपल्या देशात सप्टेंबर 2019 मध्ये आधी वटहुकूम आणि मग त्याच वर्षी संसदेचा कायदा होऊन विजेच्या सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात बंद करण्यात आली. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे "मित्राने आणून दिली" ह्यातला मित्रही सुखात नाही.

परतीच्या रिक्षात तो पुष्कळ वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आईला सांगणार?"

खरे सांगतो, ह्या प्रश्नाचे गणित मला ओहमच्या नियमाइतके सोपे वाटले नाही. सांगितले तर त्याचा माझ्यावरचा विश्वास जातो. न सांगितले तर बहिणीचा. शेवटी म्हणालो, "मी सांगणार नाही. तू सांगायचेस. पंधरा दिवसांनी मी जेवायला येईन, तोपर्यंत."

पंधरा दिवसांनी गेलो. दार बहिणीनेच उघडले. तिचे डोळे पाहून कळले की त्याने सांगितले आहे. ती मला म्हणाली, "तुला आधी ठाऊक होते?" मी मान हलवली. ती दोन मिनिटे बोलली नाही. मग ताट वाढले. रागावलेल्या बहिणीच्या हातचे जेवण मी निमूट जेवलो.

सवय मात्र एका दिवसात सुटली नाही. एकदा सोडली, परीक्षेच्या दिवसांत पुन्हा धरली, पुन्हा सोडली. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारने 1800-11-2356 हा विनामूल्य दूरध्वनी ठेवला आहे. तिथे तो दोन-तीनदा बोलला. वडिलांनी आरडाओरडा केला नाही, ह्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. ते उपकरण आम्ही कचऱ्यात टाकले नाही. लिथियमचा सेल कचऱ्याच्या गाडीत दबला तर पेट घेतो. तो ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिला. आणि सुटीत भाचेबुवा वालीवच्या त्याच गाळ्यात मीटर घेऊन बसू लागले. मेस्त्री सांगतात, "पोरगा नव्वद ओहमचा एकही तापक पुढे जाऊ देत नाही."

आता दिवाळीचे साहित्य काढताना वाचकांनी चार गोष्टी कराव्यात. तापणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या पाठीवरचे व्होल्ट आणि वॅट एकदा वाचावेत. वॅटला 230 ने भागावे, म्हणजे अँपिअर कळतात. दोन हजार वॅटच्या गीझरला पावणेनऊ अँपिअर लागतात, तेव्हा त्याला सहा अँपिअरचा लहान प्लग चालत नाही, मोठाच हवा. तुटलेली कॉईल जोडू नये, त्याच वॅटची नवी घालावी. आणि एखादी वस्तू पूर्वीपेक्षा अधिक तापू लागली, एखादे तोरण पूर्वीपेक्षा अधिक झळकू लागले, तर आनंद न मानता आधी कारण शोधावे.

पाचवी गोष्ट माझी मी करणार आहे. ह्या भाऊबीजेला भाचा शेजारी येऊन बसला आणि त्याने कुठलाही अडनिडा प्रश्न विचारला, तरी मी आधी उत्तर देईन. मग विचार करीन की हा हे का विचारतो आहे. गेल्या वर्षी तो विचारायला आला, म्हणूनच कळले. घरात प्रश्न विचारता येत असला की पुष्कळ गोष्टी जळण्याआधी हाती लागतात.